डाव्या हाताची परवानगी

शरणू,

तू लिंगैक्य झालास त्याला आज बारा दिवस झाले. आपल्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळं घर दुसऱ्याच दिवशी कामाला लागलं आणि माझी पंचाईत झाली. सुतक असतं तर कोपरा धरून बसायला निदान सबब मिळाली असती. आता कचेरीत जातो तर नकलेला घेतलेला एकच अर्ज तीनदा चुकतो. घरी येतो तर खांबापासून दारापर्यंत, दारापासून खांबापर्यंत येरझारा. परवा अप्पा म्हणाले, "नागू, चालून चालून जमीन झिजवायलास. कुठं जायचं असंल तर जाऊन तरी ये." कुठं जाणार? ज्याच्याकडं जायचं होतं तो माणूस तूच.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सात वर्षांपूर्वी अप्पांच्या नावानं तुला एक कार्ड आलं होतं. त्यातला मजकूर अप्पांचा नव्हता. माझा होता. एवढंच सांगायचं होतं. सुट्टीवर आलास की सांगू, लढाई संपली की सांगू, तुझं डोकं दुखायचं थांबलं की सांगू, असं करत करत मी तुला मातीपर्यंत पोचवून आलो.

तुला बसवून नेलं तोवर सगळं रीतीनं झालं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, अंगावर तुझा तो पलटणीतला लोकरी कोट, कारण तुझी बायको गंगू म्हणाली त्यांना थंडी वाजायची. खड्ड्यात तुला बसवलं, जंगम अय्यांनी तुझ्या गळ्यातलं लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवायला गेले. तुझी मूठ उघडेना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर जिवंतपणीच कधी सरळ झालं नव्हतं, आता बाकीचीही त्यांच्या बाजूनं गेलेली. मागून कुणी म्हणालं, "कोमट पाणी सोडा." दुसरा म्हणाला, "ओढू नगा, मोडंल." अय्या माझ्याकडं बघायला लागले, आणि मी, ज्याला सात गावांत बोलका म्हणून ओळखतात, तो बेलाची पानं मोजत उभा राहिलो.

अप्पा पुढं झाले. सत्तरीचा माणूस, खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकले, तुझी मूठ दोन्ही हातांत धरली आणि अंगठ्यानं एकेका पेरावरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "हाय तसं ऱ्हाऊ द्या. आत बसतंय का बघा." बसलं. बेलाच्या पानासकट बसलं. उठताना अप्पा कुणाकडंही न बघता म्हणाले, "लॉरीचा फाळका लई जोरात लागला व्हता."

लॉरीचा फाळका हीसुद्धा माझीच कथा. ती कुठून निघाली ते तुला अर्धंच माहीत आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो. सवयीप्रमाणं मध्ये मीठमिरची पडली तर तू नेहमीसारखी भुवई वर कर.

तू सोलापूरला मिरचीची पोती घालायला गेलास आणि पलटणीत नाव घालून आलास. तेव्हा अप्पा तुझ्याशी सहा महिने बोलले नाहीत. मग तुझं पत्र आलं, की उस्तादांनी तुला मुष्टीच्या खेळासाठी निवडलंय. मी ते ओट्यावर मोठ्यानं वाचलं आणि गावात खलबतं सुरू झाली. आपल्याकडं कुस्ती सगळ्यांना कळते. बाजारातल्या म्हाताऱ्या कोथिंबिरीची जुडी बांधताना पट कसा काढायचा ते सांगतात. पण हे काय? चावडीवरचे पाटील म्हणाले, "कुस्तीत ठोसा मारला तर पंच भाईर काढतो. तिथं ठोसा मारला म्हणून बक्षीस देत्यात. पलटणीचं समदं उलटंच."

अप्पांनी दोन दिवस विचार केला. मग मला म्हणाले, "लिही त्याला. खेळ म्हणावं. पर ज्या तळहातावर लिंग घेतो, त्या हातानं कुणाच्या तोंडावर मारू नगं. डावा पूजेचा. उजव्यानं काय मारायचं ते मार."

हे मी शब्दन् शब्द लिहिलं, शपथेवर सांगतो. आम्हाला सगळ्यांना ते फारच सोपं वाटलं होतं. भाकरी एका हातानं खातो, बैल एका हातानं हाकतो, ठोसा मारायला दुसरा हात लागतोच कशाला? घरात चर्चा झाली ती एवढीच, की खेळताना डावा हात कुठं ठेवायचा. कमरेवर, की पाठीमागं. मी कमरेवर म्हणालो. शोभून दिसेल असं मला वाटलं.

चार महिन्यांनी तुझं ते पत्र आलं. आठवडी बाजार नुकताच उठला होता, ओट्यावर पंधरा-वीस माणसं टेकलेली, अप्पा मध्ये घोंगडीवर. अप्पांना अक्षर कानडी येतं, तुझं बालबोध माझ्याशिवाय घरात कुणाला वाचता येत नव्हतं. मी फोडलं, खाकरलो आणि सुरुवात केली. तू लिहिलं होतंस: "अप्पांना शरणूचा नमस्कार. तुमचा शब्द मी चार महिने पाळला. डावा हात छातीशी धरून खेळलो. सात लढती हरलो. या खेळात डावा हात आधी पुढं जातो, त्यानं वाट काढायची असते, उजवा त्याच्या मागून येतो. डावा नसेल तर माणूस खुंटासारखा उभा राहून मार खातो. उस्ताद म्हणतात, हात वापर नाहीतर हातमोजे परत कर. अप्पा, तुम्ही परवानगी द्या. नाही दिली तर मी मोजे परत करतो, मला वाईट वाटणार नाही. पण तुम्हाला न सांगता मी डावा उचलणार नाही."

हे सगळं मी मोठ्यानं वाचलं नाही. "चार महिने पाळला" इथपर्यंत वाचलं आणि डोळे पुढं पळाले. पुढं हरलेल्या सात लढती होत्या. आणि मी महिनाभर या लोकांना सांगत होतो, की आपला शरणू एका ठोशात माणूस आडवा करतो. शरणू, मला अप्पांची भीती वाटली असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तसं नाही. पाटील पुढं सरकून बसले होते, पान तोंडात तसंच धरून, आणि मला माझी गोष्ट मोडायची नव्हती. मी तोच सूर धरून पुढं वाचलं: "तुमच्या आशीर्वादानं सात लढती जिंकलो. उजवा हात पुरतो." ओट्यावर सुपारी फिरली. घोंगडी झटकताना अप्पांची मान जराशी ताठ होती.

पत्राला उत्तर तर द्यायला हवं होतं. तू वाट बघत होतास. मी कचेरीत बसून लिहिलं: "अप्पा म्हणतात, लिंग हातात नसतं, हात ज्याचा आहे त्याच्यात असतं. खेळाला लागेल तो हात वापर." हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते घरी जाऊन तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामंजी असं बोलत न्हाईत." बायकांना साहित्य कळत नाही असं म्हणून मी कार्ड टपालात टाकलं.

त्यानंतर तू जिंकायला लागलास. खरोखर. मला पत्रांत बदल करायचं काम फार उरलं नाही, फक्त डावा हात वगळायचा आणि समोरचा माणूस थोडा मोठा करायचा. पलटणीत पहिला, मग छावणीत पहिला, मग तो गोरा सार्जंट. त्या लढतीवर मी किती वर्षं जगलो ते तुला ठाऊक आहे. पहिल्या सुट्टीत माझी कथा ओट्यावर बसून ऐकलीस आणि आत आल्यावर म्हणालास, "अण्णा, तो गोरा माझ्याएवढाच व्हता. तुम्ही त्याला दर सणाला चार बोटं वाढवता. आता त्याला आपल्या दारातनं वाकून यावं लागंल."

"लोकांना उंचच लागतो," मी म्हणालो.

"मग मी हरलो ती सांगा की कवातरी. ती लई चांगली झाली."

ती मी कधी सांगितली नाही. दुसऱ्या पलटणीतला एक बुटका स्वयंपाकी, हातावर तेलाचे डाग, लाजून खाली बघणारा. तू सांगायचास, की त्याचा ठोसा कुठून येतो तेच कळत नव्हतं, आणि हरल्यावर तू त्याच्याकडं जाऊन विचारलंस तर त्यानं तुला शिकवलं. तुझे डोळे ती सांगताना जितके चमकायचे तितके सार्जंटच्या वेळी कधी चमकले नाहीत. मी म्हणायचो, हरलेली गोष्ट कोण ऐकतं? तू म्हणायचास, तुम्ही सांगून तर बघा. हा वाद आपला तसाच राहिला. काल मी ती पाटलांना सांगून बघितली. त्यांनी पूर्ण ऐकली. शेवटी विचारलं, "त्यो स्वैपाकी आता कुठं हाय?" मला माहीत नव्हतं. तुला विचारून ठेवायला हवं होतं.

त्याच सुट्टीत तू हातमोजे आणि कप घेऊन आलास. नळदुर्गाच्या अलीकडं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर जवानानं पेटी उघडायला लावली आणि मोजे उचलून म्हणाला, "ये क्या है मियाँ? हाताँ के हैं के हाथी के पावाँ के?" तू ते घालून दाखवलेस. मग त्यानंही घालून बघितले, दुसऱ्या जवानाला हळूच एक लावली आणि अर्धा तास मोटार तिथंच उभी राहिली. ही गोष्ट मी न वाढवता सांगतो. वाढवायला तीत जागाच नाही.

मी तुला उमरग्याला मोटारीवर आणायला आलो होतो. तू खाली उतरलास, पाया पडायला वाकलास आणि मला तुझा डावा हात दिसला. दोन बोटं आत वळून राहिलेली, पंजा पुरता उघडत नव्हता. मी म्हणालो, "अप्पांना हाताचं काय सांगू नको."

"का? त्यांनीच तर परवानगी दिली."

"दिली. पण डोळ्यांनी बघवायचं नाही त्यांना. म्हातारा माणूस आहे."

तू मान हलवलीस. घरी मीच सांगितलं, लॉरीच्या फाळक्यात हात सापडला. अप्पा तुझ्या हाताकडं बघत म्हणाले, "असं का." नंतर मला एकट्याला गाठून म्हणाले, "बोटाची हाडं वरच्या बाजूनं मोडल्यात. फाळक्याखाली हात घालताना मूठ आवळून घालत्यात व्हय?" मी म्हणालो, घाईत असेल. ते गेले.

त्या सुट्टीत रोज सकाळी तुम्ही दोघं पूजेला शेजारी बसायचा. अप्पांचा तळहात पाटासारखा सपाट, तुझा द्रोणासारखा. त्यांचे डोळे मिटलेले असायचे, तरी मला वाटायचं त्यांना दिसतंय. निघायच्या आदल्या दिवशी विहिरीवर तू म्हणालास, "ते कार्ड आलं नसतं तर मी मोजे परत दिले असते, अण्णा. अप्पा असं लिहितील वाटलं नव्हतं. त्यांना एकदा सांगू का, तुमच्या त्या वाक्यानं मी उभा ऱ्हायलो म्हणून?" मी पोहरा ओढत म्हणालो, "नको. त्यांना असलं बोललेलं आवडत नाही." तू त्यांचे आभार मानायला निघाला होतास, आणि मी दोर धरून मध्ये उभा होतो.

मग मोठी लढाई, परमुलूख, आणि दोन वर्षांपूर्वी तू कायमचा घरी आलास तो असा. चालताना एका अंगाला कलायचास. वस्तूंची नावं हरवायची. एकदा गंगूला म्हणालास, "ते दे, ते, पाणी ज्याच्यात बसतं ते," आणि तांब्या समोर होता. लोक म्हणाले दारू. तू कधी घेतली नाहीस. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ठोसे खाऊन खाऊन डोक्यात आत काहीतरी हललंय, औषध नाही. मी परत येताना मोटारीत एकच गोष्ट मोजत होतो. ते कार्ड गेलं नसतं तर तू मोजे परत दिले असतेस. मोजे परत दिले असतेस तर तुझं डोकं शाबूत असतं. तू शेजारी बसून खिडकीतून ज्वारीची ताटं बघत होतास आणि मध्येच म्हणालास, "पीक बरं हाय यंदा." मी व्हय म्हणालो. सांगायला ती वेळ चांगली होती. मी पिकाबद्दल बोललो.

आता पेटीचं सांगतो. दिवस बरे नाहीत शरणू, तुला शेवटी शेवटी त्यातलं काही कळत नव्हतं हे एका परीनं बरं झालं. इंग्रज गेल्यापासून सोलापूर दुसऱ्या देशात गेल्यासारखं आहे, नाके वाढलेत, रोज कुणाचं तरी घर बांधाबांध करून तिकडं जातंय. गंगूलाही भाऊ माहेरी न्यायला आला. पेटीसुद्धा तिला हवी होती. नाक्यावर उघडतील तेव्हा आत काय आहे ते माहीत असावं, म्हणून पाचव्या दिवशी आम्ही ती अंगणात उघडली. मी, गंगू आणि अप्पा.

हातमोजे, चामड्याला भेगा पडलेले. कप, ज्यात गंगू दोन वर्षं हळद ठेवत होती आणि आता तो आतून पिवळा तो पिवळाच. तीन पदकं, एकाची फीत उंदरानं चाखलेली. मनगटाला गुंडाळायच्या पट्ट्या, इतक्या नीट वळलेल्या, की मला उलगडवेना. एक फोटो, ज्यात तू आणि तो सार्जंट खांद्याला खांदा लावून उभे आहात आणि तो तुझ्यापेक्षा दोन बोटं ठेंगणा आहे. गंगू फोटो बघून माझ्याकडं बघून हसली, पाच दिवसांत पहिल्यांदा. आणि दातांत धरायच्या रबराची पत्र्याची डबी.

डबी अप्पांनी उघडली. रबराच्या खाली घडी घातलेलं कार्ड होतं. घडीवर ते फाटलं होतं आणि कुणीतरी, तूच, मागून भाताच्या पेजेनं कागद चिकटवला होता.

"हे काय हाय?"

"जुनं पत्र दिसतंय," मी म्हणालो.

"कुणाचं?"

मी मोजे परत पेटीत ठेवायला लागलो. गंगू म्हणाली, "मामंजी, तुमचंच ते. लढतीआधी वाचायचे. मला तोंडपाठ हाय." आणि तिनं म्हणून दाखवलं. लिंग हातात नसतं, हात ज्याचा आहे त्याच्यात असतं.

अप्पांनी कार्ड माझ्यापुढं धरलं. "हे मी कवा म्हनालो, नागू?"

मला गोष्ट रचता येते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या क्षणीसुद्धा दोन-तीन तयार होत्या, एक तर बरीच चांगली होती. पण गंगू समोर होती, आणि तिच्या हातात हळदीचा कप. मी खरं सांगितलं. ओटा, पाटील, हरलेल्या सात लढती, उत्तर, फाळका, विहीर, सगळं. गंगूनं पेटीचं झाकण लावलं आणि ती आत गेली. निघताना ती माझ्या पाया पडली नाही. त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

अप्पा सात दिवस माझ्याशी बोलले ते फक्त चालण्याबद्दल. आज सकाळी पूजा झाल्यावर म्हणाले, "त्याचं ते पत्र हाय का?" आहे. तुझं एकही पत्र मी टाकलेलं नाही. "वाच. लिहिलंय तसं."

मी वाचलं. सात लढती हरलो हेही या वेळी जसंच्या तसं वाचलं. "तुम्हाला न सांगता मी डावा उचलणार नाही" हे अप्पांनी दोनदा वाचायला लावलं. मी वाट बघत होतो, की आता ते म्हणतील, मलाही तेच म्हणायचं होतं. नाहीतर म्हणतील, तू माझं पोरगं मारलंस. दोन्हीची मी तयारी केली होती.

ते म्हणाले, "कागद घे. उत्तर द्यायचं ऱ्हायलंय."

हे घे. एकही शब्द माझा नाही.

"शरणूस आशीर्वाद. तुझं पत्र आज ऐकलं. मी न्हाय म्हनालो असतो. डावा हात पूजेचा, म्हंजे पूजेचा. तू खेळ सोडला असतास का न्हाय ते मला ठाव न्हाय. कदाचित सोडला असतास आन् मनात धरलं असतंस. कदाचित उलट लिहिलं असतंस, आन् मी त्याला उलट लिहिलं असतं. वरीस-दोन वरीस आपण बोललो नसतो. मग तू आला असतास, आन् मी तुझा हात उजेडात धरून बघितला असता, तुला इचारून, की दुखतंय का. तेवढं भांडण आपल्या दोघांचं व्हतं. ते मधल्यामधी ह्यानं खाल्लं. हात मी बघितला, पर तू गेल्यावर."

मी लेखणी दौतीत बुडवली.

"लिहिलंस?"

"व्हय."

"ह्यानं खाल्लं, हेबी?"

"तेबी लिहिलं."

"वाचून दाव."

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि प्रत्येक वाक्यानंतर मान हलवली. खाली त्यांचं नाव लिहायला मी लेखणी टेकवली तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"साकु," म्हणाले. म्हणजे बस्स झालं. "आन इकडं. नाव मी घालतो."

त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि कानडीत, एकेक अक्षर थांबून थांबून, आपलं नाव घातलं. ते खाली आहे. शाई अजून ओली आहे, मी हात लावलेला नाही.